पॅड नवे, तरी गाडी एका अंगाला ओढते? जुन्या गाडीचा ब्रेक अडतो तो क्लिपा आणि पिनांत

सातारा : पाऊस उघडला की पश्चिमेकडच्या तालुक्यांत जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर दिसू लागतात. गोठ्याशेजारी पत्र्याखाली तीन-चार महिने उभी असलेली ऑल्टो, वॅगनआर नाहीतर सँट्रो बाहेर निघते. कुणाला देवाला जायचं असतं, कुणाला सणाला आलेल्या पाहुण्यांना स्टँडवर सोडायचं असतं. पहिल्याच उताराला चाकातून ‘खर्र’ आवाज येतो, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. मग गॅरेज गाठायचं. तिथला संवादही ठरलेला.

“दादा, पॅड टाकून द्या फक्त. उद्या घाट उतरायचाय.”

“अण्णा, क्लिपा आणि पिनांचे रबर पण बदलू का?”

“त्या चांगल्याच आहेत की. राहू द्या.”

या ‘राहू द्या’मुळेच बऱ्याच गाड्या दोन-तीन महिन्यांत त्याच तक्रारीसाठी परत येतात. पॅड नवे असतात, पैसे गेलेले असतात आणि चाक मात्र तापतच असतं. दहा-पंधरा वर्षं झालेल्या गाडीत नुसते पॅड बदलणं हे अर्धंच काम. पॅड ज्याच्यावर सरकतो ती क्लिप आणि कॅलिपर ज्याच्यावर सरकतो ती पिन, या दोन गोष्टी मोकळ्या नसतील तर महागातला पॅडही नीट चालत नाही.

आधी समजून घ्या, चाकात होतं काय

या छोट्या गाड्यांना बहुतेक करून पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं झुकतं, उतारावर तर जास्तच. त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढच्या दोन चाकांवर पडतं. पॅड पुढचेच आधी संपतात ते यामुळे.

पुढच्या चाकात लोखंडी डिस्क चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन बाजूंना दोन पॅड असतात आणि त्या दोघांना कवेत घेऊन कॅलिपर बसलेला असतो. छोट्या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकच असतो आणि तोही आतल्या बाजूला. मग बाहेरचा पॅड कोण दाबतं? पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, त्याच्या उलट्या रेट्यानं अख्खा कॅलिपर आत सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतो. म्हणजे कॅलिपर सरकला तरच दोन्ही पॅड काम करतात. तो सरकतो दोन पिनांवर. पिन गंजून अडकली की कॅलिपर जागचा हलत नाही आणि आतला एकटाच पॅड घासून घासून संपतो.

पाय काढल्यावरही तसंच. ब्रेकला मागं ओढणारी मोठी स्प्रिंग डिस्क ब्रेकमध्ये नसते. पिस्टनभोवतीचं रबरी सील किंचित पीळ खाऊन परत सरळ होतं, तेवढंच काय ते पिस्टनला मागं घेतं. हे मागं येणं केसभर असतं. एवढ्याशा ताकदीवर पॅडनं डिस्क सोडायची, तर त्याची वाट साफच हवी. तिथं गंज आणि चिखलाचा थर असेल तर पॅड डिस्कला चिकटूनच राहतो. मग गाडी जड पळते, ॲव्हरेज पडतं, चाकाजवळ जळका वास येतो.

घाटात हे का महागात पडतं

वाई समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर आहे आणि पाचगणी साधारण 1,300 मीटरवर. पसरणी घाट उतरताना गाडी जवळपास 600 मीटर खाली येते. चार माणसांसकट गाडीचं वजन 1,000 किलो धरलं, तर एवढ्या उतारात जी शक्ती मोकळी होते तिच्यावर 18 लिटरच्या आसपास साधं पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. म्हणजे एक भरलेला हंडा. त्यातला काही भाग टायर आणि हवा खाते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर बराच भाग इंजिन अडवून धरतं. पण पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरलात, तर उरलेली सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकनीच पचवायची. (न्यूट्रलनं पेट्रोल वाचतं हाही गैरसमजच. इंजेक्शनवाली गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिनाकडं जाणारं पेट्रोल बंद होतं; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. आणि इंजिन बंद करून उतरणं तर नकोच. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला हवेची ओढ इंजिनाकडूनच मिळते. दोन-तीनदा ब्रेक दाबला की ती संपते आणि पेडल दगडासारखं होतं.)

आता एका चाकाची पिन अडकलेली असेल तर ही उष्णता चाकांत सारखी वाटली जात नाही. एक डिस्क लाल होईस्तोवर तापते आणि दुसरी कोमट राहते. तापलेल्या चाकातला पॅड एका हद्दीनंतर डिस्कला पकडतच नाही. पाय दाबताय, पेडलही घट्ट लागतंय, पण गाडी थांबत नाही. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑईल उकळणं. हे ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट 3 ऑईल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या ऑईलची हद्द 140 अंशांवर येते. डॉट 4 ची हीच हद्द 230 आणि 155 अशी. ऑईल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो आणि पेडल सरळ खाली जातं. केळघर, कुंभार्ली, आंबेनळी, यवतेश्वर, घाट कुठलाही असो, वळण समोर असताना पेडल खाली गेलं तर हातात फारसं काही उरत नाही.

क्लिपेखालचा गंज

खरी मेख इथं आहे आणि ती चाक खोलल्याशिवाय दिसत नाही.

पॅडच्या दोन्ही टोकांना लोखंडी कान असतात. ते कॅलिपरच्या चौकटीतल्या खाचेत बसतात. या चौकटीला गॅरेजमध्ये ब्रॅकेट म्हणतात. खाच आणि कान यांच्यामध्ये पातळ स्टीलची पत्ती असते, तीच क्लिप. पॅड वाजू नये आणि गुळगुळीत सरकावा, एवढंच तिचं काम. क्लिप स्वतः सहसा गंजत नाही. म्हणूनच ती काढून पाहिली की “चांगली आहे की” असं वाटतं. गंजतं ते तिच्याखालचं ब्रॅकेट, कारण ते साध्या बिडाचं असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो. क्लिपेखाली गंजाचा पापुद्रा धरला की तो क्लिपेला वर उचलतो आणि खाच अरुंद होते. पॅडचा कान त्यात आवळला जातो.

पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी, शेताच्या वाटेचा चिखल, शेणखताच्या खेपा, ओढ्यातून जाणं, या सगळ्यानं हा गंज लवकर धरतो. उलट रोज पळणाऱ्या गाडीत तो तुलनेनं कमी असतो. “आमची गाडी कमी फिरलीय, ब्रेकला काय होतंय” हा हिशोब त्यामुळे चुकीचा ठरतो. बाजाराच्या दिवशीच निघणाऱ्या गाडीचे ब्रेक रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा जास्त अडकलेले सापडू शकतात.

नवा पॅड अशा खाचेत बसत नाही. मग काही ठिकाणी हातोडीनं ठोकून बसवतात, नाहीतर पॅडचा कान ग्राइंडरवर घासून बारीक करतात. दोन्ही चूक. ठोकून बसवलेला पॅड सरकणार कसा? कान घासला तर आज पॅड बसेल, पण गंज वाढतच राहणार आणि महिन्या-दोन महिन्यांत तो परत आवळणार. बरोबर पद्धत एकच. क्लिप काढायची, खालची खाच तारेच्या ब्रशनं आणि बारीक कानशीनं घासून स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत साफ करायची आणि नवी क्लिप बसवायची. गंज काढायचा, लोखंड खायचं नाही. मग पॅड बोटांच्या दाबानं आत सरकला पाहिजे. ठोकावा लागला तर साफसफाई अपुरी आहे. खडखड हलत असेल तर क्लिप चुकीची आहे किंवा उलटी बसलीय.

जुनी क्लिप परत का नको? तिचे स्प्रिंगसारखे कान उष्णतेनं ढिले पडलेले असतात, काढताना ती वाकतेही. क्लिपांचा संच पॅडच्या किमतीपुढं किरकोळ असतो. काही कंपन्यांच्या पॅडच्या डब्यात तो येतो, काहींच्या येत नाही. दुकानात डबा उघडून बघा, नसेल तर वेगळा मागा.

पिना आणि त्यांचे रबर

कॅलिपरच्या दोन पिनांना स्लायडिंग पिन किंवा गाईड पिन म्हणतात. प्रत्येकीला धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून घड्याघड्यांचा रबरी बूट असतो. बूट फाटला की पाणी शिरतं, आतलं ग्रीस वाळून डांबरासारखं होतं, पिन गंजते.

चाक खोलल्यावर पिन हातानं आत-बाहेर करून बघावी. थोडा दाब लागेल, पण ती अडखळता कामा नये. पिनेवर नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरनं जातो. खड्डे पडले असतील तर पिन बदलावी. बऱ्याच गाड्यांत वरची आणि खालची पिन सारखी नसते; एकीच्या टोकाला रबरी बुश असतं किंवा तिचा आकार वेगळा असतो. काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, अदलाबदल झाली तर कॅलिपर अडकतो.

ग्रीसचं मात्र काटेकोर पाळायचं. ट्रॅक्टरला मारतो ते पिवळं-लाल ग्रीस पिनांना अजिबात नको. ते खनिज तेलाचं असतं आणि ब्रेकचं रबर त्यानं फुगतं. फुगलेलं रबर पिनेला आवळतं आणि काही दिवसांत पिन पुन्हा जाम. ब्रेकच्या पिनांसाठी सिलिकॉनचं वेगळं ग्रीस मिळतं, छोट्या पाकिटातही येतं. तेच वापरा आणि पातळ थरच द्या. भोकात ग्रीस ठासून भरलं तर हवा अडकते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. याच कारणानं पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑईल ब्रेकच्या कुठल्याही रबराला लावू नये. जुन्या मिस्त्रींची पेट्रोलनं धुवायची सवय इथं नडते.

जुना पॅड फेकू नका, आधी वाचा

काढलेले चारही पॅड ओळीनं मांडून बघितले की दुखणं कुठं आहे ते कळतं. आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा जाड आहे, तर पिना अडकल्यात किंवा पिस्टन मागं येत नाही. बाहेरचाच जास्त झिजलाय, तर कॅलिपर सरकून परत सुटत नाही. पुन्हा पिनाच बघायच्या. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, पाचरीसारखा झिजलाय, तर एक पिन जाम आहे किंवा पॅडचा एक कान क्लिपेत अडकलाय. डावीकडचे दोन्ही संपले आणि उजवीकडचे शाबूत, तर उजवीकडचा कॅलिपर कामच करत नाही किंवा डावीकडचा सुटत नाही.

चारही सारखे झिजले असतील तर गाडी नशीबवान आहे. तरीही साफसफाई करून नव्या क्लिपा टाकाव्यातच.

पॅडचं मसाल्याचं अस्तर 3 मिलिमीटरवर आलं की बदलायची वेळ झाली असं धरावं. लोखंडी पाठ यात मोजायची नाही. काही पॅडांना एक छोटी पत्ती असते. अस्तर संपत आलं की ती डिस्कला घासते आणि ‘चीं’ असा बारीक आवाज येतो. हा इशारा आहे. ‘खर्र’ असा जाड आवाज आला तर इशारा संपला. लोखंड लोखंडाला घासतंय आणि डिस्कही चाललीय.

खरेदी करताना

दुकानात नुसतं “ऑल्टोचे पॅड द्या” म्हणून चालत नाही. एकाच नावाच्या गाडीत साल बदललं की पॅडचा आकार बदलतो. आरसी बुकवरचं साल आणि चेसिस नंबर दाखवा, शक्य असेल तर जुना पॅड सोबत न्या. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलतात. एकाच चाकाचे टाकले तर गाडी एका बाजूला ओढेल. डब्यावर कंपनीचं नाव, पार्ट नंबर, छापील किंमत आणि तयार केल्याचा महिना-साल असावं. सुटा, प्लास्टिकच्या पिशवीत मिळणारा स्वस्त पॅड ‘तसाच असतो’ असं सांगितलं तरी घेऊ नका. बनावट पॅडचं अस्तर पाठीपासून सुटतं, आणि ते घरासमोर नाही तर पॅड तापल्यावर सुटतं.

यादी छोटीच आहे : पॅडचा संच, क्लिपांचा संच, पिनांचे बूट, लागल्यास पिना, सिलिकॉन ग्रीसचं पाकीट आणि ब्रेक क्लीनरचा स्प्रे.

काम करताना

ज्यांना ट्रॅक्टरचं, पंपाचं काम हातानं करायची सवय आहे त्यांना हे जमण्यासारखं आहे. ज्यांना नाही त्यांनी गॅरेजमध्ये उभं राहून बघावं. काय बघायचं ते कळलं तरी पुरे.

गाडी पक्क्या, सपाट जागेवर घ्या. शेणानं सारवलेल्या अंगणात जॅक रुततो. हॅण्डब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे ढिले करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका. जॅक स्टँड नसेल तर भक्कम लाकडी ओंडका चेसिसच्या मजबूत जागेखाली द्या आणि काढलेलं चाकही गाडीखाली सरकवून ठेवा. विटा रचू नका, वजनाखाली वीट अचानक फुटते.

बोनेट उघडून ब्रेक ऑईलच्या डबीकडं बघा. पिस्टन मागं दाबला की ऑईल उलटं डबीत येतं. डबी काठोकाठ असेल तर थोडं सिरिंजनं काढून घ्या. हे ऑईल सांडलं तर रंग उडतो. डबीचं झाकण उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसा.

एका वेळी एकच चाक खोला. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या, कुठली क्लिप कशी होती याचा घोळ झाला तर तिकडं बघता येतं. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलता येतो, नाहीतर दोन्ही बोल्ट काढून तो बाजूला घ्यावा. बाजूला घेतला तर बाइंडिंगच्या तारेनं वर बांधून ठेवा. रबरी होजवर लोंबकळत सोडला तर होज आतून फाटतो, बाहेरून काही दिसत नाही.

ब्रेकची काळी धूळ तोंडानं फुंकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेनंही उडवू नका. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरलेलं असायचं आणि तशी धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सरपर्यंत जाते. ओल्या फडक्यानं पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारा. नाकाला रुमाल असू द्या आणि घरातली पोरं लांब ठेवा.

डिस्क बघा. तिच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडी किती चालेल ते कोरलेलं असतं. कड वर आलेली असेल, खोल चरे असतील, निळे डाग असतील किंवा जाडी त्या आकड्याखाली गेली असेल तर नवे पॅड टाकून उपयोग नाही. उभ्या गाडीच्या डिस्कवर पावसात लालसर गंज धरतो, तो वरवरचा असेल तर चार ब्रेक मारले की जातो.

पिस्टन मागं सरकवायला जी-क्लॅम्प घ्या. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सावकाश आवळा. स्क्रू ड्रायव्हरनं कडेला दाबलं तर पिस्टनचा बूट फाटतो. पिस्टन सरळ, एकसारखा आत गेला पाहिजे. त्याच्याभोवती ओल दिसली किंवा तो अडला तर इथंच थांबा, हे काम कॅलिपरच्या किटचं आहे आणि जाणत्या मेकॅनिकचं.

मग ब्रॅकेट घासणं, नव्या क्लिपा, ग्रीस लावलेल्या पिना, नवे बूट, या क्रमानं. पॅड बसवताना आतला-बाहेरचा बघा. इशाऱ्याची पत्ती जुन्या पॅडवर जिथं होती तिथंच यायला हवी. पॅडच्या पाठीवर शिम नावाचा पातळ पत्रा असतो, तो आवाज मारतो. पाठीवर आणि कानांवर उष्णता सोसणारी ब्रेक पेस्ट अगदी पुसटशी लावतात. अस्तराला आणि डिस्कला बोटाचा ग्रीसही लागू देऊ नका. लागलाच तर डिस्क क्लीनरनं पुसा. तेल मुरलेला पॅड मात्र फेकावाच लागतो.

कॅलिपरचे बोल्ट घट्ट करायचे, पण पान्यावर पाय देऊन नाही. ते लहान असतात आणि जास्त आवळले तर आटे जातात. गाडीच्या पुस्तकात आकडा दिलेला असतो, टॉर्क पाना असलेल्या गॅरेजात तो बघूनच आवळतात. चाक बसवण्याआधी ते हातानं फिरवून बघता येतं, म्हणजे डिस्कला दोन नट लावून ती फिरवायची. पॅडचा हलका स्पर्श चालेल, अडायला नको.

चावी फिरवण्याआधी

सगळं काम नीट करूनही इथं चूक होते. पिस्टन मागं दाबलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल दाबलं की ते सरळ तळाला जातं. ब्रेक असतच नाही. अशी गाडी गॅरेजातून किंवा अंगणातून मागं घेतली की भिंत, म्हैस किंवा माणूस समोर येईल ते. म्हणून दोन्ही चाकं बसली की गाडी जागेवर असतानाच पेडल सावकाश पंप करा, ते वर घट्ट लागेपर्यंत. मग डबीतली ऑईलची पातळी बघा. कमी असेल तर झाकणावर लिहिलेलंच ऑईल, बंद बाटलीतलं, घाला. दुसऱ्याच्या गॅरेजात उघडी पडलेली अर्धी बाटली नको, तिनं ओल धरलेली असते.

फक्त पॅड बदलले आणि कुठला पाइप सोडला नाही तर हवा काढायची गरज पडत नाही. पंप करूनही पेडल स्पंजासारखं लागलं तर मात्र लाइनमध्ये हवा आहे. ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. ऑईल दोन वर्षांवर जुनं असेल तर याच वेळी सगळं बदलून घेणं सोयीचं.

पहिली चक्कर गावातल्या मोकळ्या रस्त्यावर, हळू. एकदा-दोनदा हलका ब्रेक मारा, गाडी सरळ थांबते का बघा. नंतर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत सात-आठ वेळा मध्यम ब्रेक मारा आणि मध्ये चाकाला थंड व्हायला वेळ द्या. यानं नवं अस्तर डिस्कवर बसतं. पहिले 200 ते 300 किलोमीटर जोरात ब्रेक लावणं टाळावं. म्हणजे आज पॅड टाकले आणि उद्या पहाटे चार माणसं, डिकीत सामान घेऊन घाट, हे नको. आठवडाभर आधी काम करून घ्या.

पिना मोकळ्या झाल्यात की नाही हे ओळखायची एक सोपी रीत आहे. पाच-सात किलोमीटर सपाट रस्त्यावर कमीत कमी ब्रेक मारत गाडी चालवा आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, भाजेल. एका बाजूनं झळ लागतेय आणि दुसरी थंड आहे, तर गरम बाजूचा पॅड सुटत नाहीये. तापलेल्या चाकावर पाणी मात्र ओतू नका, डिस्क वाकडी होते आणि मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं.

गॅरेजात काम करून घेणाऱ्यांनी जुने पॅड, क्लिपा आणि बूट हातात मागून घ्यावेत. क्लिपा परत मिळाल्या नाहीत, तर त्या बहुधा गाडीतच आहेत. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीचं आरसी पाच-पाच वर्षांनी वाढवताना आरटीओत गाडी तपासली जाते, तेव्हाही ब्रेक बघतात. पण तपासणी मैदानातल्या सपाट पट्ट्यावर होते.

शंभरेक किलोमीटर झाले की चाकाचे नट एकदा पान्यानं तपासा, डबीतलं ऑईल बघा आणि बुटांवर ग्रीस बाहेर आलंय का ते टॉर्चनं पाहा. चाक न काढता, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हे दिसतं.